हाक कुणाची?
(मुलींच्या फुटबॉलविषयीच्या टिपणांची प्रस्तावना)

खो-खोमध्ये बसलेल्या गड्याच्या पाठीला नुसता हात लावून खो लागत नाही. हात लागताक्षणी तोंडातून ‘खो’ हा शब्द निघावा लागतो, आणि तोही ऐकू जाईल असा. स्पर्श झाला पण शब्द झाला नाही, तर पंच शिट्टी वाजवतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी हा शब्द सारखा कानावर पडतो. देणारी मुलगी सडपातळ, आठवी-नववीतली. पण तिचा ‘खो’ कुंपणापलीकडच्या रस्त्यापर्यंत जातो.

त्याच मुलीला दुसऱ्या दिवशी फुटबॉलला उभी करा. चेंडू तिच्या पायाशी येतो. मागून विरोधी संघातली मुलगी धावत येते आहे, हे तिच्या चार मैत्रिणींना दिसतं, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटत नाही. उजवीकडची मैत्रीण मोकळी आहे, पण चेंडू मागायचा कसा म्हणून तीही गप्प उभी आहे. चेंडू जातो. अकरा जणींच्या संघात ऐकू येणारा आवाज एकच असतो, रेषेबाहेरून ओरडणाऱ्या सरांचा.

तो आवाज बरीच वर्षं माझा होता. घसा बसायचा, मुली माझ्याकडे बघत खेळायच्या, आणि माझ्याकडे बघता बघता चेंडू निघून जायचा. खो-खोत कडाडणाऱ्या या मुली फुटबॉलमध्ये मुक्या का होतात, हे मला उशिरा समजलं. खो-खोत हाक कुणी द्यायची हे नियमानेच ठरलेलं आहे. ती खेळाडूने द्यायची. फुटबॉलमध्ये मात्र हाक सरांची असते, असं त्यांना मीच शिकवलं होतं. ही चूक दुरुस्त करता करता पुढची टिपणं लिहिली गेली.

चाल कोण सांगतं?

चाल बाहेरून सांगण्याची कला टोकाला नेली ती अमेरिकन फुटबॉलने. लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा हा वेगळाच खेळ. तिथे दर काही सेकंदांनी खेळ थांबतो, पुढच्या चालीसाठी घड्याळ लागतं, आणि त्या अवधीत प्रशिक्षक ठरवतो की आता कुणी कुठे पळायचं. पॉल ब्राउन या प्रशिक्षकाने १९५६ मध्ये आपल्या मुख्य खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवून पाहिला. त्यावर लगेच बंदी आली. पण १९९४ पासून तिथल्या व्यावसायिक लीगने तो रीतसर मान्य केला. तरी त्यातही एक मेख ठेवली आहे. घड्याळात पंधरा सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. शेवटी मैदानावरच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू द्यावं लागतं, हे त्या खेळानेही मान्य केलं.

आपला फुटबॉल असा थांबत नाही. पंचेचाळीस मिनिटं सलग, मग विश्रांती, मग पुन्हा पंचेचाळीस. विशेष म्हणजे या खेळात प्रशिक्षकाने बाहेरून सूचना देणं दीर्घकाळ नियमात बसतच नव्हतं. ती मुभा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली, आणि तीही मर्यादित. बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढे रेषेपासून एक मीटर अलीकडेपर्यंत, एवढाच त्याचा चौकोन. त्या चौकोनातून एका वेळी एकाच व्यक्तीने सूचना द्यायच्या. शालेय सामन्यांत हा चौकोन कुणी आखत नाही, त्यामुळे आम्ही प्रशिक्षक रेषेच्या कडेने गोलपासून गोलपर्यंत धावत असतो. कधी कधी खेळाडूंपेक्षा आमचंच पळणं जास्त होतं.

बाहेरून दिलेली हाक बहुधा उशिराच पोचते, हा यातला साधा हिशेब आहे. मला मोकळी मुलगी दिसणार, मी नाव घेणार, ते नाव पाय मारणाऱ्या मुलीच्या कानावर जाणार, ती मान वर करणार. तोवर मोकळी असलेली मुलगी मोकळी राहिलेली नसते. मैदानावर असलेल्या मैत्रिणीने तीच हाक दिली, तर ती पाच पावलांवरून येते.

मुलींच्या बाबतीत हे वेगळं का

मुलांच्या संघालाही हे सगळं लागू आहे. तरी मी ही टिपणं मुलींसाठी लिहिली, त्याला कारण आहे.

मुलांना मैदानावर येण्याआधी गल्लीचा सराव असतो. तिथे सर नसतात. गोल किती पावलांचा, कोण कुणाकडे, चेंडू नालीत गेला तर कुणी काढायचा, हे सगळं भांडून ठरतं. नागपुरात प्रा. विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली, आणि त्यातून स्लम सॉकरचं काम उभं राहिलं. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ही गोष्ट घरोघर पोचली. मला त्या प्रसंगात बादलीइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या पोरांना चाल सांगायला कुणीही नव्हतं. त्यांचा खेळ त्यांनीच ठरवला होता.

आमच्याकडच्या मुलीला असा बिनसरांचा खेळ फार थोडा मिळतो. ती मैदानावर येते तेव्हा किती वाजता यायचं, किती वाजता निघायचं, काय घालायचं, कुणासोबत परतायचं हे आधीच ठरलेलं असतं. मानव विकास योजनेची, मुलींना घरी नेणारी बस सुटायची वेळ झाली की सराव संपला, मग चेंडू कुठेही असो. दिवसभर दुसऱ्यांच्या सूचना ऐकून आलेल्या मुलीला आम्ही मैदानावर आणखी सूचना देतो, आणि वर तक्रार करतो की हिला स्वतःहून काही सुचत नाही.

आवाज तिच्यात आहेच. आषाढात धानाची रोवणी सुरू झाली की या तालुक्यातल्या बांध्यांमध्ये बायकांच्या रांगा लागतात. चिखलात घोट्याएवढं पाणी, कमरेत वाकून परे लावणं चाललेलं, आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत हाका, थट्टा, गाणी. रांग कुठे वळायची, कुणी पुढे सरकायचं, कुणी मागे राहिलेलीला हात द्यायचा, हे त्या आपसातच बोलून ठरवतात. धुऱ्यावर उभं राहून शिट्टी फुंकणारा तिथे कुणी नसतो, तरी ओळ सरळ लागते. या मुली त्याच बायकांच्या लेकी आहेत. सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर चिखलातही उतरतात. तिथला आवाज मैदानावर आणायचा, एवढंच काम आहे. पण हे ‘एवढंच’ काम दोन-तीन वर्षांचं आहे.

दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय

स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास वाचला की निर्णय कुणाचा हा प्रश्न पानोपानी दिसतो. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३ हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने स्त्रियांना आपल्या संलग्न मैदानांची दारं बंद केली. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं ठरवणारे सगळे पुरुष होते. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. फिफाने १९९१ मध्ये चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरवली, तेव्हा सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले. दहा मिनिटं कमी करण्याचा निर्णयही खेळाडूंनी घेतलेला नव्हता.

आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय मुली १९८० मध्ये कालिकतला आणि पुन्हा १९८३ मध्ये बँकॉकला उपविजेत्या ठरल्या. त्या संघातल्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमधला तो स्त्रीला मिळालेला पहिला. त्यानंतरच्या काळात स्पर्धा कमी, पैसा कमी, सामने कमी. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. वरिष्ठ संघाचं मुख्य प्रशिक्षकपद एखाद्या स्त्रीकडे प्रथम आलं ते २०१७ मध्ये, गोव्याकडून खेळलेल्या मेमोल रॉकी यांच्या रूपाने. म्हणजे बाकावरची हाकसुद्धा बाईची व्हायला बेचाळीस वर्षं गेली.

दोन हजार बावीस

आमच्या राज्याने २०२२ या एका वर्षात महिला फुटबॉल जितका जवळून पाहिला, तितका पूर्वी पाहिला नव्हता. जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत झाला. भारताने इराणशी बरोबरी साधली आणि नंतर संघात कोरोना पसरला. सामन्यासाठी लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, म्हणून यजमान संघ स्पर्धेतून बाद झाला. मैदानावर न हरता बाहेर जावं लागणं, याहून कडू काय असतं?

त्या स्पर्धेचा अंतिम सामना मात्र मी माझ्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगतो. ६ फेब्रुवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर चीनचा संघ मध्यंतराला दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे होता. चीनच्या प्रशिक्षक शुई छिंगशिया या स्वतः १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघातल्या. विश्रांतीनंतर त्यांनी संघात बदल केले, आणि भरपाईच्या वेळेत चीनने सामना ३-२ असा जिंकला. मुली विचारतात, “त्या मॅडमनी मध्यंतरात काय सांगितलं असेल, सर?” मी म्हणतो, ते मला ठाऊक नाही; पण प्रशिक्षकाची हाक कुठे चालते हे या सामन्यात दिसतं. मध्यंतरातली काही मिनिटं आणि बदली खेळाडू, ही तिची जागा. बाकीचा वेळ खेळाडूंचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत भरला. भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, धान आणि जंगलाच्या मुलखातली. आमच्या मुलींना तिचं गाव परकं वाटत नाही. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. हे आकडे मी लपवत नाही. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या आणि मोठे सामने फार न खेळलेल्या संघाचं असं होतं. पण २०२५ च्या ५ जुलैला थायलंडमध्ये, चिआंग माईत, वरिष्ठ संघाने यजमानांना २-१ असं हरवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता फेरीतून प्रथमच जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. परक्या मैदानावर, परक्या गर्दीत, बरोबरी झाल्यावर पुन्हा आघाडी घ्यायची तर बाकावरचा आवाज पुरत नाही.

या टिपणांत काय आहे

पहिला भाग बोलण्याचा आहे. मैदानावरच्या हाका थोड्या आणि छोट्या असाव्यात. ‘मागं!’ म्हणजे पाठीवर कुणी आहे. ‘फिर!’ म्हणजे वळायला जागा आहे. ‘वेळ आहे!’ म्हणजे घाई करू नको. ‘सोड!’ म्हणजे चेंडू जाऊ दे, मी घेते. यात एक काळजी घ्यायची. विरोधी खेळाडूला फसवण्यासाठी असं काही ओरडलं तर रेफरी पिवळं कार्ड दाखवू शकतो. म्हणून नुसतं ‘माझा!’ न म्हणता स्वतःचं नाव घेऊन म्हणायची सवय लावावी. आमच्याकडे मुलींना चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायला सांगणं, हाच पहिल्या आठवड्याचा व्यायाम ठरतो.

हाक द्यायची तर आधी दिसलं पाहिजे. म्हणून दुसरा भाग बघण्याचा आहे. चेंडू पायाशी येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकणं, ही सवय जिला लागली तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. या भागातला प्रशिक्षकाचा प्रश्न मी बदलला आहे. ‘पास का नाही दिलास?’ असं विचारलं की मुलगी मान खाली घालते. ‘तुला काय दिसलं?’ असं विचारलं की ती बोलायला लागते. तिला दिसलेलं पुष्कळदा बरोबर असतं. चूक असते ती माझ्या जागेवरून दिसलेल्या चित्राची.

तिसऱ्या भागात ठरवलेल्या चाली आहेत. वाहत्या खेळात चाल बाहेरून सांगता येत नाही, पण कॉर्नर, फ्री किक आणि थ्रो-इनला खेळ थांबतो आणि तिथे ती ठरवता येते. तीनच चाली दिल्या आहेत आणि त्यांना इथलीच नावं आहेत. ‘रोवणी’त चौघी जणी गोलपुढे एका ओळीत उभ्या राहतात आणि चेंडू उडताच चारी दिशांना फुटतात. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या पुरुष संघाने कॉर्नरला अशीच रांग लावून गोल मिळवले होते. ‘खो’मध्ये मागून येणारी चेंडू घेते आणि देणारी थांबत नाही, तशीच पुढे पळते. ‘बांध’ ही बचावाची भिंत. कोणती चाल लावायची हे चेंडू ठेवणारी मुलगी ठरवते आणि हात वर करून सांगते. मी ठरवत नाही. तिने निवडलेली चाल फसली तरी मध्यंतरापर्यंत मी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

चौथा भाग शरीराचा आहे, आणि तो लिहिताना पुरुष प्रशिक्षक म्हणून मला संकोच वाटला हे कबूल करतो. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते. ती टाळायला फिफाने आखलेला वीस मिनिटांचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप आहे. त्याला खास साहित्य लागत नाही, फक्त शिस्त लागते. पाळीबद्दलही लिहिलं आहे. लंडनच्या चेल्सी क्लबच्या महिला संघाने आपल्या खेळाडूंचा सराव पाळीच्या चक्राप्रमाणे आखायला सुरुवात केली, त्याची बातमी २०२० मध्ये जगभर झाली. आमच्या शाळेत एवढं जमणार नाही. पण ‘आज मी अर्धाच सराव करीन’ हे वाक्य मुलीला कारण न देता म्हणता यावं, एवढं नक्की जमतं. तोही तिचाच निर्णय.

गप्प दहा मिनिटं

शेवटचा भाग प्रशिक्षकांसाठी आहे. रोजच्या सरावात दहा मिनिटं शिट्टी खिशात ठेवा, जमिनीवर बसा आणि तोंड बंद ठेवा. थ्रो-इन कुणाचा, फाऊल झाला की नाही, गोलकीपर कोण, सगळं मुलींना ठरवू द्या.

पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल. भांडणं होतील. एखादी रडेल, एखादी अख्खा खेळ स्वतःच्या हातात घेईल. सामने हराल. मुख्याध्यापक विचारतील, “सर, तुम्ही बसून काय करता?” तालुक्याच्या स्पर्धेत शेजारच्या शाळेचे सर रेषेवरून ओरडून तीन गोल मिळवतील आणि तुमची शाळा घरी जाईल. हे सगळं माझ्या वाट्याला आलं आहे. तरीही मी दहा मिनिटांची पंधरा केली.

काही हाका मात्र प्रशिक्षकाच्याच असतात आणि त्या सोडायच्या नाहीत. आभाळ भरून वीज चमकायला लागली की मैदान रिकामं करायचं. तिथे मतदान नाही. डोक्याला मार लागला की मुलगी बाहेर. कुणी कुणाच्या जातीवरून, रंगावरून, अंगावरून बोललं की खेळ बंद. जीव आणि इज्जत यांच्याबाबत निर्णय मोठ्यांचा. चेंडू कुणाला द्यायचा हा निर्णय त्या यादीत बसत नाही.

राज्याने १५ सप्टेंबर २०१७ रोजी एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम केला होता. त्यासाठी शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. तो एक दिवस होऊन गेला. ही टिपणं त्यानंतरच्या रोजच्या संध्याकाळींसाठी आहेत, जेव्हा छायाचित्र काढायला कुणी येत नाही आणि चेंडूत हवा भरायचा पंप नेमका सापडत नाही.

पुस्तिकेची शेवटची दोन पानं कोरी सोडली आहेत. ती छपाईतली चूक नाही. चौथी, पाचवी, सहावी चाल तिथे मुलींनी लिहायची आहे, नावासकट. प्रशिक्षकांनी त्या पानांवर लाल शाई चालवू नये, एवढी विनंती.

गोरेगाव, जि. गोंदिया